बोईसर
महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील एक औद्योगिक गाव. ते पश्चिम रेल्वेच्या मुंबई–सुरत मार्गावर, पालघरच्या उत्तरेस वसले आहे. जवळच तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहतीमुळे वस्ती झपाट्याने वाढली. २०११ च्या जनगणनेत बोईसर नगर गणले गेले, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. वसाहतीचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे, तर सांडपाण्यावरील नियंत्रण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पंचायतीच्या वाट्याला गटारे व कचरा तेवढा येतो. रासायनिक सांडपाण्याने खाड्यांतील मासेमारीची हानी झाल्याची तक्रार अखेर मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली (२०१६). २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाई बसविली. त्याविरुद्ध उद्योजक सर्वोच्च न्यायालयात गेले.