अर्थ दिलाय का?

माझ्या भाच्याची कुर्ल्याला बेकरी आहे. २०२५ साली रमझान लागायच्या दोन-तीन दिवस आधी मी तिकडे गेलो होतो. मागच्या खोलीत माणसाच्या उंचीचा, काचेच्या दाराचा, विजेवरचा स्टीलचा ओव्हन नुकताच बसला होता. कौतुकानं त्याच्या मुठीला हात लावायला गेलो, तर मैदा मळणारा कारागीर ओरडला, ‘चाचा, पहले चप्पल पहनो!’ मी भाच्याकडं पाहिलं. तो हसला. ‘काही नाही मामू, थोडा करंट मारतो. चप्पल घातली की मारत नाही.’

मला आज या ‘थोडा करंट’विषयी बोलायचं आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण त्या दिवसानंतर दोन आठवडे मी त्या बेकरीत एका वायरमनच्या मागं मागं फिरलो आणि जे समजलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण आता असे ओव्हन खूप ठिकाणी बसताहेत. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५मध्ये मुंबई परिसरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि खानावळींना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडं वळायला सांगितलं. धूर आमच्या अब्बांनी आयुष्यभर खाल्ला. ते भट्टीवर होते. त्यामुळं तो धूर गेल्याचं दुःख मला नाही. पण भट्टीचा धोका डोळ्यांना दिसत होता, तोंडावर झळ येत होती. या नव्या पेटीचा धोका दिसत नाही, इतकाच फरक.

आधी ही पेटी काय करते ते पाहू. साध्या ओव्हनमध्ये उष्णता खालून-वरून येते. कन्व्हेक्शन ओव्हनच्या मागच्या भिंतीवर पंखा असतो आणि त्याच्याभोवती हीटरची कडी. पंखा गरम हवा सगळ्या ट्रेंवरून फिरवत राहतो, म्हणून वरची नानखटाई आणि खालची नानखटाई सारखी भाजते. भाच्यानं घेतला तो दहा ट्रेंचा, १५ किलोवॅटचा. आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. दीड टनाचे दहा एअर कंडिशनर एकदम लावले तर साधारण तेवढी वीज लागेल. हे ओझं घरातल्यासारख्या सिंगल फेजवर टाकलं तर ६५ अँपिअर प्रवाह लागेल. तीन फेजांत वाटलं की प्रत्येक तारेवर सुमारे २१ येतो. आपल्या घरातला मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो, हे लक्षात घ्या. त्यामुळं अशा ओव्हनला प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड असलं काही चालतच नाही. त्याची स्वतंत्र केबल थेट वितरण पेटीपासून यायला हवी आणि मुळात वीज कंपनीकडून तेवढा भार मंजूर करून घ्यायला हवा. भाच्यानं एवढं मात्र केलं होतं. नवा थ्री-फेज मीटर होता, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही होती.

मग करंट का मारत होता? ही गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे.

ओव्हन नवा, पण तो आधीचा अख्खा पावसाळा कुठल्याशा गोदामात पडून होता. त्यातला हीटर म्हणजे धातूची नळी. आत मधोमध तापणारी तार आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण तिला एक खोड आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ जसं ओलं होतं, तशी ही दमट हवा शोषते. ओली झाली की तारेतली थोडी वीज नळीत आणि नळीतून ओव्हनच्या अंगावर उतरते. तिथून ती अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जाते. आरसीसीबीचं काम एवढंच, की गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ठेवायचा आणि फरक पडला की पुरवठा तोडायचा. तिनं ते चोख केलं. ओव्हन चालू केला की ती खाली पडायची.

भट्टी बंद, रमझान तोंडावर. ओव्हन बसवायला आलेल्या माणसानं तोडगा काढला. त्यानं ओव्हनची अर्थिंगची तार सोडवून ठेवली. बस्स! विजेला जमिनीत जायला वाटच उरली नाही, म्हणजे हिशेबात फरक नाही, म्हणजे आरसीसीबी शांत. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडावा, तसला हा प्रकार. ती वीज मात्र ओव्हनच्या अंगावर वाट पाहत उभी. अनवाणी, मैद्याच्या ओल्या हातांचा माणूस दाराला शिवला की तोच तिची वाट. आणि पिठाच्या जागी चपला घालून वावरायचं नाही, ही तर आमच्या बेकऱ्यांतली जुनी रीत.

एक मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला झिणझिण्या कळतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात, धरलेली मूठ सुटत नाही. तीसच्या पुढचा प्रवाह थोडा वेळही छातीतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणजे झिणझिणी आणि मरण यांच्यात अंतर किती, तर कोरडा हात आणि ओला हात यांत असतं तेवढं. आरसीसीबी होती की, असं कुणी म्हणेल. होती, पण अर्थिंग सोडल्यावर तिला बिघाड कळायचा तो माणसाच्या अंगातून वीज गेल्यावरच. टेस्टर लावून दाखवत भाचा मला म्हणाला होता, ‘बघा, मंदच पेटतोय.’ टेस्टर मंद पेटला म्हणजे धोका मंद असतो, असं नाही. स्टीलच्या अंगावर तो पेटायलाच नको.

मी ओव्हन बंद करायला लावला. भाचा रागावला. ‘मामू, तुम्ही शेरोशायरी करा.’ मी त्याच्या आईला, माझ्या आपाला फोन लावला. आपापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक ठेकेदाराचा वायरमन आला. साठीचा, कमी बोलणारा. आल्या आल्या त्यानं एकच विचारलं, ‘अर्थ दिलाय का?’ कवीला हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागतो, पण इतक्या गांभीर्यानं मला तो कुणी विचारला नव्हता. त्यानं मेगर नावाचं यंत्र काढलं आणि हीटरची तार व अंग यांच्यामधला विरोध मोजला. तीनपैकी दोन हीटर भिजलेले निघाले. ओव्हनच्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलावून ते बाहेर काढले, सुकवले, पुन्हा मोजले. एक सुधारला, एक नाही, तो बदलला. या सगळ्याला तीन दिवस गेले. बसवण्याआधी अर्धा तास मोजणी केली असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

मग त्याची नजर केबलकडं गेली. २१ अँपिअरला कोष्टकाप्रमाणं ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते. वायरमननं १० ची घ्यायला लावली, कारण कोष्टकातला आकडा बेताच्या तापमानासाठी असतो आणि बेकरीत छताखालून जाणारी केबल कायम उकाड्यात असते. गरम तार कमी ओझं वाहते. टोकांना त्यानं लग दाबून बसवले आणि स्क्रू आवळून भाच्याला सांगितलं, ‘महिन्यानं मला बोलवा, पुन्हा आवळायचे आहेत.’ ओव्हन तापतो, निवतो. तसे जोडही सैल होतात आणि सैल जोड जळतो. घरात असा जोड जळला तर वासावरून कळतं. बेकरीत जळका वास आला तर सगळे आधी ट्रे पाहायला धावतात! न्यूट्रलच्या जोडाबद्दल तर तो फारच कडक होता. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टवर चालणाऱ्या भागांवर ४००च्या आसपास दाब येऊ शकतो आणि ओव्हनचा महागडा कंट्रोल बोर्ड क्षणात जातो.

खरा घोळ जमिनीत होता. अर्थिंगचा जुना खड्डा दुकानामागं फरशीखाली गाडला गेला होता. कित्येक वर्षांत त्यात पाण्याचा थेंब नव्हता. कोरडी माती वीज घेत नाही. म्हणजे त्या माणसानं तार सोडली नसती तरी ती फारशी कामाची नव्हतीच. थ्री-फेजच्या यंत्राच्या अंगाला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे विनियम सांगतात; त्याआधीच्या नियमांतही ते होतं. एक तुटली तर दुसरी असावी, इतका साधा विचार. वायरमननं दोन नवे खड्डे घ्यायला लावले. ‘दोन कशाला?’ भाच्यानं कुरकुर केली. त्याचं म्हणणं मला कळत होतं. ओव्हनमधून नानखटाई निघते, मिक्सरमधून पीठ निघतं, आणि हे खड्डे वर्षानुवर्षं काहीच करणार नाहीत. दुकानदाराला सगळ्यात जड जातो तो असला खर्च.

बाकीच्या गोष्टी मी पटकन सांगतो, त्या ओव्हनबरोबरच्या पुस्तिकेत असतातच, फक्त ती कुणी उघडत नाही. भिंतीपासून लिहिलं असेल तेवढं अंतर ठेवावं, मागचा पंखा आणि मोटर यांना हवा लागते. आमच्याकडं तिथं मैद्याची रिकामी पोती कोंबलेली होती. लाकडी फळीची भिंत नको, तळणाची कढई शेजारी नको. स्टँड पाणसळीत असावा. ओव्हन कलला की केक एका बाजूला फुगतो आणि दारही नीट लागत नाही. मुख्य स्विच जवळ, डोळ्यांसमोर असावा, पण ओव्हनच्या मागं किंवा वर नसावा. आग लागली तर आगीवरून हात घालून स्विच कोण बंद करणार? धुताना पाण्याचा पाइप मारू नये. स्टीलवरचं प्लॅस्टिक आधी पूर्ण सोलावं आणि पहिल्यांदा ओव्हन रिकामाच तापवावा. आतल्या तेलाचा धूर निघतो, तो निघून जाऊ द्यावा. ज्या ओव्हनचा पंखा थ्री-फेज मोटरवर असतो तिथं दोन फेज उलटसुलट लागले तर तो उलटा फिरतो, म्हणून दिशा पाहून घ्यावी.

आरसीसीबीवर ‘टेस्ट’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. स्विच खाली पडला पाहिजे. भाचा एक तारखेला पगार वाटायच्या आधी ते दाबतो. मात्र ते बटण आरसीसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं, अर्थिंगचं काही सांगत नाही. अर्थिंग वर्षातून एकदा यंत्रानं मोजून घ्यावं लागतं, आणि ते कोरड्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये मोजलेलं बरं.

खड्डे भरायच्या दिवशी मी होतो. पाइपभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायची जुनी पद्धत आहे. दोन्ही ओल धरून ठेवतात. मीठ बेकरीत पोत्यानं होतं. कोळसा आणायला निघालेल्या कारागिराला वायरमननं थांबवलं आणि बंद पडलेल्या भट्टीकडं बोट दाखवलं. तिच्या पोटात शेवटच्या भाजणीचा कोळसा तसाच पडलेला होता. आम्ही तो घमेल्यांनी उपसला आणि दोन्ही खड्ड्यांत घातला. चप्पल घालायला सांगणारा तो कारागीर आता रबरी तळव्यांचे बूट वापरतो, आणि दर जुम्याला नमाजला जायच्या आधी प्रत्येक खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो.