केडगावच्या छापखान्यातील उपासना

भक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टाळ-मृदंग आणि पताका उभ्या राहतात. ख्रिस्ती भक्तीविषयी तर निमगाव सावासारख्या खेड्यातून आलेल्या आम्हा मुलांची समजूत रविवारची प्रार्थना आणि नाताळ यांपलीकडे सहसा जात नाही. वास्तविक प्रार्थना चव्हाट्यावर न करता खोलीचे दार लावून करावी, अशी येशूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ही शिकवण रोजच्या कामात कशी उतरते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावला सापडते.

पंडिता रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या सुधारक म्हणून. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावरून उठलेला गदारोळही आपण वाचलेला असतो. त्यानंतरची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही, कारण ती निव्वळ कष्टांची आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व बायका त्यांनी केडगावी आणल्या. विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम सुरू केले, अंध मुलींना ब्रेल शिकविले. १९०५ साली मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत. तिची ख्याती परदेशापर्यंत गेली. मला स्वतःला तेथील छापखान्यातली उपासना अधिक मोठी वाटते.

त्या वेळचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते, साध्या बायकांना ते उमगत नसे. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या बाईंनी सोप्या मराठीचा ध्यास घेतला! हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनी वर्षानुवर्षे भाषांतर केले. सदनातल्याच मुली खिळे जुळवीत, छापीत, बांधणी करीत. सदनात येईपर्यंत यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती.

आपल्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्री दोन वाजता मांडव रिकामा असतो, तरी पहाऱ्याचा माणूस वीणा गळ्यात घेऊन उभाच असतो. केडगावचे खिळे जुळविणे मला त्याच जातीचे वाटते.

माझ्या आईला सही येते, वाचता येत नाही. माझ्या अभ्यासाचे पुस्तक मी तिला वाचून दाखविले, तर चार ओळींत ती उठून चुलीकडे जाईल. आपण शिकलो की घरच्यांना न कळणारी भाषा बोलू लागतो आणि त्यालाच विद्वत्ता समजतो. रमाबाई उलट दिशेने चालत आल्या.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. त्या दुःखातही भाषांतराचे काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली. देवळांतून ते फारसे रूढ झाले नाही. जुनेच भाषांतर चालू राहिले. केडगावचे मुक्ती मिशन मात्र आजही चालू आहे.