लादी पावाचे गरम स्लायडर्स आणि आईचा पन्नासावा

माझ्या लहानपणीच्या वाढदिवसांचे फोटो बघितले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. केक आहे, फुगे आहेत, बिल्डिंगमधली सगळी मुलं आहेत, एका फोटोत तर समोरच्या काकूंची मांजरही आहे. आई कुठेच नाही. म्हणजे ती घरातच होती, पण आत, पावभाजीचे पाव भाजत. गरम वाढायचं म्हटलं की कुणीतरी तव्यापाशी उभं राहायलाच हवं आणि ते 'कुणीतरी' कोण, हे आमच्या घरी कधी ठरवावंच लागलं नाही.

यंदा आईला पन्नास वर्षं पूर्ण झाली. बेंगळुरूत येऊन आम्हाला बारा वर्षं झाली, त्यामुळे तिच्या भिशीच्या मैत्रिणी, बाबांच्या ऑफिसमधले दोघं-तिघं, शेजारच्या आंटी आणि त्यांची नातवंडं असे चौदा पाहुणे झाले. मी म्हटलं, बाहेरून मागवू. "वाढदिवसाला बोलावून लोकांना डब्यातलं द्यायचं?" आई म्हणाली. मग मी म्हटलं, मी करते, पण त्या दिवशी तू ओट्याकडे फिरकायचं नाही. त्यावर तिचा प्रश्न तयारच होता: "मग गरम कोण वाढणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला बेक्ड स्लायडर्स सापडले.

स्लायडर म्हणजे दोन घासांत संपणारा छोटा बर्गर किंवा सँडविच. अमेरिकेत छोट्या बर्गरची सवय लावली ती 1921 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे सुरू झालेल्या व्हाइट कॅसलनं. पार्टीत जे भाजलेले स्लायडर्स करतात त्यांची गंमत वेगळी आहे. छोटे बन एकमेकांना चिकटलेलेच ठेवायचे, अख्खी लादी आडवी कापायची, मधे डेलीतल्यासारखं मांस आणि चीज भरायचं, वर मसाल्याचं बटर ओतायचं आणि सगळं एकदम ओव्हनमध्ये. डेली म्हणजे तयार थंड मांस, चीज, लोणची विकणारं दुकान. आपल्याकडे कँटोन्मेंटच्या जुन्या चवी सांभाळणारं एम. जी. रोडवरचं बेंगळूर हॅम शॉप हे त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण.

या स्लायडर्सना तिकडे हवाई बेटांवरचा गोडसर पाव वापरतात. तो पाव मूळचा पोर्तुगीज. 1878 पासून मदिरा आणि असोरेस बेटांवरून उसाच्या मळ्यांत कामाला आलेल्या लोकांनी तो हवाईत नेला. पुढे 1950 मध्ये हिलो गावात रॉबर्ट तायरा यांनी बेकरी काढली आणि त्यांच्यामुळे तो अमेरिकाभर पोचला. आणि आपला पाव? तोही पोर्तुगीज 'पांव'वरूनच आला, गोव्यातून. (माझी आजी शेवटपर्यंत म्हणायची की पीठ पायानं मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात. तिला कोण सांगणार!) म्हणजे हवाईतला तो रोल आणि आपली लादी ही लांबची भावंडंच. मग महागडे रोल कशाला शोधायचे?

बेंगळुरूत तर पावाची चंगळ आहे. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर अय्यंगार बेकरी असते. हसन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार कुटुंबांनी हा धंदा इथे वाढवला, चिक्कपेटेतली बी. बी. बेकरी 1898 ची म्हणतात. त्यांच्या खारा बनमध्ये मिरची, कांदा, कोथिंबीर, कधी शेपूसुद्धा असतो. व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीजवळची व्ही. बी. बेकरी 1953 ची. तिथला काँग्रेस बन म्हणजे बनला लोणी लावून आत मसाल्याचे शेंगदाणे. 1969 मध्ये काँग्रेस फुटली, त्याआधी पक्षाची बैठक इथेच लालबागेत झाली होती, आणि शेंगदाणेही दोन फाकांत फुटलेले, म्हणून हे नाव, असं इथले लोक हसत सांगतात. खरं असो नसो, मला ती गोष्ट आवडते.

तर स्लायडर्सची पहिली तालीम मी आदल्या रविवारी केली आणि ती साफ फसली. मुंबई सँडविचच्या सवयीनं मी आत काकडी आणि टोमॅटो घातले. ओव्हनमधून जे निघालं त्याचा तळ लगदा आणि वरचा भाग करपलेला. बाबांनी ते चमच्यानं खाल्लं आणि "चव चांगली आहे" म्हणाले, त्यावरून काय ते समजा.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. काकडी-टोमॅटो गरम झाले की पाणी सोडतात आणि पाव ते शोषतो. म्हणून पाणी सुटणारं काहीही आत घालायचं नाही, ते बाजूला कोशिंबीर म्हणून द्या. आणि पावाच्या दोन्ही बाजूंना चीज हवं. वितळलेलं चीज पाव आणि सारणाच्या मधे थर धरतं, त्यामुळे पाव कोरडा राहतो.

आता जमलेली पद्धत सांगते. माप सहा पावांच्या एका लादीचं आहे. पाव आदल्या दिवशीचा घ्या. ताजा पाव कापताना फाटतो. दातेरी सुरीनं पाव सुटे न करता अख्खी लादी आडवी कापा. दोन्ही तुकडे कापलेली बाजू वर करून 180 अंशांवर तीन-चार मिनिटं नुसते भाजून घ्या. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण टाळू नका. खालच्या तुकड्यावर चार-पाच चीज स्लाइस, त्यावर सारण, त्यावर मूठभर किसलेलं चीज, मग वरचा तुकडा.

सारण मी दोन प्रकारचं केलं. एकात चिकन सलामी आणि कोरडा परतलेला कांदा. दुसऱ्यात पनीर, सिमला मिरची आणि मका, मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून, मिरपूड घालून आणि पूर्ण गार करून. शाकाहारी आणि मांसाहारी ट्रे वेगळे ठेवा, सुरीही वेगळी. आमच्या शेजारच्या आंटी अंडंही खात नाहीत, म्हणून पाव घेताना बेकरीत विचारून घेतलं आणि वर चकाकीसाठी अंड्याचा विचारच केला नाही.

खरी मजा बटरमध्ये आहे. दोन मोठे चमचे बटर वितळवा. त्यात अर्धा चमचा मोहरीची पेस्ट (बंगाली कासुंदी मिळाली तर उत्तमच), अर्धा चमचा मध, किसलेली लसणाची एक पाकळी आणि चिमूटभर मिरपूड. ब्रशनं वरून लावा, थोडं पावांच्या फटींतही जाऊ द्या. वर तीळ आणि कलौंजी. मूळ पद्धतीत खसखस असते, पण आमच्याकडे तीळ होते. फॉइलनं झाकून 180 अंशांवर पंधरा मिनिटं, मग फॉइल काढून पाच-सहा मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत. पाच मिनिटं थांबा आणि मगच पाव जिथे जोडलेले आहेत तिथे कापा. घाई केली तर चीज सगळं ताटात येतं.

भरलेल्या लाद्या सकाळीच तयार करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात. बटर मात्र भाजायच्या आधीच लावायचं आणि थंड लादीला पाच मिनिटं जास्त द्यायची. चिकनची लादी भाजल्यावर दोन तासांहून जास्त वेळ टेबलावर ठेवू नका.

चौदा जणांसाठी मी सहा लाद्या केल्या. आमच्या छोट्या ओटीजीत एका वेळी दोन बसतात. पाहुणे यायच्या वेळेला पहिला घाणा बाहेर, तो खाऊन होईपर्यंत दुसरा. मधे घड्याळ लावायचं आणि गप्पा मारायला जाऊन बसायचं. काँग्रेस बनची आठवण म्हणून एका पनीरच्या लादीत मी भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूटही घातला. पहिल्यांदा तीच संपली.

बाबांनी एक खाऊन जाहीर केलं, "ही तर ओव्हनमधली दाबेली." मला राग यायला हवा होता, पण त्यात तथ्य आहे.

तिसरा घाणा आत गेला आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, ओटीजी नाही. आई सोफ्यावरून उठलीच. इतक्या वर्षांची सवय. तिच्या आधी बाबा उठले आणि मी सांगेन तसं त्यांनी केलं: जाड बुडाची मोठी कढई, आत स्टँड, त्यावर ताटलीत लादी, घट्ट झाकण, अगदी मंद आच, बारा ते पंधरा मिनिटं. वरून सोनेरी रंग येत नाही, पण चीज छान वितळतं. कढईत एका वेळी एकच लादी मावते, त्यामुळे बाबा अर्धा तास तिथेच उभे होते. मधून मधून "झालं का गं?" असं विचारत होते. आई बाहेर मैत्रिणींना सांगत होती, "झाकण सारखं काढतायत, मला इथून आवाज येतोय."

त्या अर्ध्या तासात आंटींच्या नातवानं मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत आईचं तोंड भरलेलं आहे आणि हनुवटीला चीज लागलंय. तिनं तो डिलीट करायला सांगितला. मी केलेला नाही.

पाच स्लायडर्स उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ते तव्यावर थोडं बटर टाकून, वर झाकण ठेवून गरम केले. मायक्रोवेव्हपेक्षा तसेच करा, मायक्रोवेव्हमध्ये पाव चिवट होतो. "पुढच्या वेळी पनीरमध्ये हिरवी मिरची घाल," ती म्हणाली, "आणि मोहरी थोडी कमी."