कांद्याची बातमी नेमकी गाठायची तर

राज्यातल्या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांत सोलापूरची गणना होते. इथल्या शेतकऱ्याला रोज दोन गोष्टी हव्या असतात: कांद्याला भाव काय निघाला आणि उजनी धरणात पाणी किती. त्यासाठी दहा संकेतस्थळं उघडत बसायला नको. घरातला साधा संगणक हे काम करतो.

बातम्यांच्या बऱ्याच संकेतस्थळांवर 'आरएसएस फीड' नावाची फाइल असते. १९९९ मध्ये नेटस्केपने ही पद्धत आणली. तिच्यात ताज्या बातम्यांचे मथळे, थोडा मजकूर, वेळ आणि दुवा असतो. थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रामला फीडचा पत्ता दिला की तो ठरावीक वेळाने फाइल उतरवतो आणि नव्या बातम्या तेवढ्या ईमेलसारख्या समोर मांडतो.

आता गाळणी. मथळ्यात अमुक अक्षरं दिसली तर बातमी अमुक फोल्डरमध्ये टाक, असा नियम लिहायचा. खरी मेख इथेच आहे. हा नियम व्याकरण जाणत नाही, अक्षराला अक्षर जुळवतो. (पूर्वी बऱ्याच वृत्तपत्रांचे फाँट निराळे असत, तेव्हा तेही जमत नव्हतं; प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणाऱ्या युनिकोडने ती अडचण संपवली.) नियमात 'कांदा' लिहिलं तर 'कांद्याचे दर घसरले' निसटते. म्हणून 'कांद' एवढंच द्यावं. मग 'कांदिवली' आत शिरते; 'कांदिवली नसावी' ही अट त्याच नियमात जोडावी. 'सोलापूर' दिलं तर 'सोलापुरात' सुटतं, कारण तिथे 'पू'चा ऱ्हस्व 'पु' होतो. 'सोलाप' दोन्ही पकडतं. 'दर' मात्र एकटा कधीच देऊ नये. त्यात 'दरम्यान' येतं आणि सोलापुरात तर 'चादर'सुद्धा!

उजनीचं सोपं. उजनीत, उजनीचे, उजनीतून, कुठेही मूळ शब्द बदलत नाही. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारीपुढे कुणी 'उणे' लिहितं, कुणी 'वजा', कुणी 'मायनस'. त्यामुळे त्या शब्दांवर नियम बांधू नये, 'उजनी' पुरे.

फोनवर काय दिसावं हे बहुधा दुसरंच कुणी ठरवतं. इथला नियम आपला असतो, वाचता येतो, बदलता येतो. मला ही पद्धत आवडते ती त्यासाठीच.

तरीही कांद्याच्याच बातमीला 'बळीराजाच्या डोळ्यांत पाणी' असा मथळा आला, की 'कांद' नियम हात टेकतो. कुठल्याच नियमात न बसलेल्या बातम्या पुसून टाकू नयेत. आठवड्यातून एकदा त्यांचे मथळे चाळावेत आणि सुटलेला शब्द नियमात घालावा.