चाळ, भिंत आणि गारवा

१९३३ साली कुलाब्यास वातानुकूलित रीगल चित्रपटगृह उघडले, तेव्हा यंत्राने गार केलेली हवा ही गिरगावच्या मध्यमवर्गास तिकिटाचे दाम मोजून दोन-तीन तास लाभणारी चैन होती. आणि त्याच काळी परळ-लालबागच्या गिरण्यांतून, सूत तुटू नये एवढ्याचसाठी, हवेतील दमटपणा जाणीवपूर्वक राखला जात असे. ‘एअर कंडिशनिंग’ हे नावच मुळी १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन गिरणी-अभियंत्याने सुताच्या चिंतेपोटी योजिले होते. ज्या कामगाराच्या खात्यात सुताच्या हवेची एवढी तजवीज होती, त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक पंखा, तोही उशिराच आला, ही गोष्ट माझ्या मनास आजही लागते.

पुढे १९४३ साली ब्लू स्टार व १९५४ साली व्होल्टास या कंपन्या निघाल्या. पण आमच्या चाळीत पहिले यंत्र आले ते नव्वदीनंतर, आणि तेही खिडकीचे. गज कापून बसविलेल्या त्या पेटीने खोलीचा निम्मा उजेड नेला. त्यानंतर स्प्लिट आले आणि प्रश्न भिंतीवर येऊन ठेपला, कारण बाहेरचा पंचवीस-तीस किलोचा जिन्नस लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीने कोठे पेलावयाचा? मालकाने आमचा अर्ज नामंजूर केला; राग आला खरा, परंतु गॅलरीचा डुगडुगणारा कठडा पाहता त्या नकारात तथ्य होते.

म्हणून आम्ही चाकांचे पोर्टेबल घेतले. त्याची मांडीएवढी जाड नळी खिडकीतून बाहेर काढून उरलेल्या फटीस पुठ्ठा लावला, आणि पहिल्याच रात्री शेजारच्या बोंबलांच्या तळणीचा वास दाराखालून थेट उशापाशी आला. कारण उघड होते : एका नळीचे यंत्र खोलीतलीच हवा ओढून, तापवून बाहेर टाकते, आणि तिची जागा भरावयास गॅलरीतली उष्ण, दमट हवा प्रत्येक फटीतून आत शिरते. त्यातून कॉम्प्रेसर खोलीतच असल्याने त्याची घरघर रात्रभर कानाशी. पावसाळ्याच्या तोंडाशी तर त्यातले पाणी काढण्यासाठी रात्री उठावे लागे. म्हाताऱ्या आईला मे महिन्यात झोप लागली, एवढे त्याचे उपकार मात्र मी विसरणार नाही.

इतक्या वर्षांच्या अनुभवाअंती माझे मत असे की, भिंत पक्की असून परवानगी हाती असेल, तेथे स्प्लिटच बसवावे. भाड्याच्या वा पुनर्विकासाच्या वाटेवरील खोलीत पोर्टेबल घ्यावयाचेच झाले तर दोन नळ्यांचे पाहावे. आणि काहीही घेण्यापूर्वी खोलीचे वायरिंग व बेस्टच्या मीटरचा मंजूर भार तपासून, जरूर तर वाढवून घ्यावा.