‘बारा तास बसतो, तरी मार्क नाहीत’

तेरखेड्यात दहावी-बारावीच्या पालकांशी बोलायला बसलं की एक तक्रार हमखास कानावर येते : “पोरगं बारा बारा तास बसतंय हो, पण डोक्यात काही राहतच नाही.” आणि त्यापाठोपाठ निकालही लागतो : “डोकंच नाही त्याला, आपण तरी काय करणार?” कुणी फटाक्याच्या कारखान्यात, कुणी रानात, कुणी उसाच्या फडावर राबून फी भरतंय. त्यांची काळजी खरी आहे. निकाल मात्र साफ चुकीचा आहे. तो ऐकून ऐकून चांगली पोरं स्वतःला मठ्ठ समजायला लागतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

त्या बारा तासांत पोरगं करतं काय, हे कुणी पाहतच नाही. दहावीच्या विज्ञानातला ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा धडा घ्या. मुलगा धडा वाचतो, महत्त्वाच्या ओळींवर रंगीत पेन फिरवतो, गाईडमधली उत्तरं वाचतो आणि पुन्हा धड्याकडे वळतो. तिसऱ्या वाचनाला सगळं सोपं वाटायला लागतं. आता पुस्तक मिटा आणि विचारा : हवेतून काचेत शिरताना किरण स्तंभिकेकडे झुकतो, की तिच्यापासून दूर जातो? मुलगा अडखळतो, मान खाली घालतो. “आत्ताच तर वाचलं होतं.” तो खोटं बोलत नाही. वाचलं होतंच त्यानं. पण वाचताना उत्तर समोर छापलेलं असतं, डोक्यातून ते काढायची वेळच येत नाही. तेरखेड्याहून येरमाळा, येडशी करत धाराशिवला वर्षानुवर्षं एसटीनं जाणाऱ्याला वाटेतला प्रत्येक फाटा ओळखीचा वाटतो. पण घरी बसून सगळे फाटे ओळीनं सांग म्हटलं की दोन-तीन हमखास निसटतात. ओळख पटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. परीक्षेत आठवावं लागतं.

हे नुसतं मत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार सत्रं वाचायला दिला. इतरांनी तोच उतारा एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि खरी मेख पुढेच आहे. आपल्या लक्षात चांगलं राहील, असा जास्त भरवसा चारही सत्रं वाचणाऱ्यांनाच होता. वाचन पोराला फसवतं ते असं. संध्याकाळी ‘झाला धडा’ म्हणून तो समाधानानं झोपतो, आणि घटक चाचणीत पान कोरं राहतं.

ही खोड काही खेड्यातल्याच पोरांची नाही. त्याच विद्यापीठातल्या 177 विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करता म्हणून विचारलं, तेव्हा 84 टक्के जणांनी पुन्हा पुन्हा वाचतो असं सांगितलं. स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याचा सराव करणारे 11 टक्केच होते. पुढे 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. पुनर्वाचन आणि ओळी रंगवणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. जास्त उपयोगाच्या ठरल्या दोनच : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं.

“मग लातूरचं काय?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. आपल्याकडून लातूर जवळ, म्हणून आपल्या भागातल्या प्रत्येक घरात लातूर पॅटर्नचं नाव निघतं आणि त्याचा अर्थ लावला जातो ‘पहाटेपासून रात्रीपर्यंत बसवणे’. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडलेल्या या पद्धतीत जादा तास होते, हे खरंच. पण अभ्यासक्रम लवकर संपवून सराव परीक्षांवर परीक्षा घेणं आणि चुका दाखवून उत्तरपत्रिका परत देणं हासुद्धा तिचा कणा होता. आपण तास तेवढे उचलले आणि परीक्षा सोडून दिल्या. त्यात लातूरला जाणारी बरीच मुलं मुळातच चांगल्या मार्कांची असतात. तेव्हा तिथल्या निकालाचं सगळं श्रेय पद्धतीला देणंही बरोबर नाही.

घरी करायचं ते साधं आहे. धडा एकदा नीट, समजून वाचायचा. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं दुसऱ्या रंगानं भरायचं. ही तपासणी टाळली, तर चूकच पक्की होते. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, मग आठवड्यानं. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाऊस यांनी 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं विसरलं जातं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. थोडं विसरायला लागल्यावर ताण देऊन आठवलं की ते पक्कं होतं. हा ताण नकोसा वाटतो, म्हणूनच पोरं परत वाचनाकडे पळतात. त्यांना हे आधी सांगून ठेवायला हवं : अडखळायला झालं म्हणजे डोकं नाही असं नव्हे, तिथंच काम चाललंय.

स्वतःला अक्षरओळख नसलेली आईसुद्धा हा अभ्यास घेऊ शकते. भाकरी थापता थापता तिनं एवढंच म्हणायचं, “आज काय शिकलास ते मला सांग.” पोरगं पुस्तकाशिवाय सांगायला लागलं की आठवणं सुरू झालं. चूक-बरोबर ते नंतर पुस्तकात बघेल. महागड्या क्लासची फी जमत नाही म्हणून हळहळणाऱ्या घरांना हे कुणीच सांगत नाही.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे ‘आधी आवड लागू दे, मग अभ्यास करेल’. त्यासाठी शाळाशाळांत प्रेरणादायी व्याख्यानं ठेवतात, टाळ्या पडतात आणि सोमवारी गणित पूर्वीइतकंच अवघड असतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. गणित जमण्यानं पुढची आवड वाढत होती. आवडीमुळे पुढे गणित जमतं, असं मात्र दिसलं नाही. उदाहरण सुटलं की पोरगं दुसऱ्याला हात घालतं. म्हणून मागे पडलेल्या मुलाला त्याच्या आवाक्यातलं उदाहरण द्या.

बाकीचे थोडक्यात. काही मुलं बघून, काही ऐकून, काही हातानं करून शिकतात आणि त्याप्रमाणे शिकवलं तर निकाल सुधारतो, या कल्पनेला भक्कम पुरावा नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच तो शोधून पाहिला होता. पाठांतर वाईट, हेही सरसकट खरं नाही : पाढे तोंडपाठ असले की भागाकार करताना लक्ष पायऱ्यांवर राहतं. रात्रभर जागून वाचणं तोट्याचं आहे, कारण शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. आवडीच्या कामाला आधीच बक्षीस कबूल केलं तर आवड घटू शकते; 1973 साली अमेरिकेतल्या बालवाडीत, चित्रं काढायची आवड असणाऱ्या मुलांवर हे दिसून आलं. आणि मारल्यानं पोरगं सुधारतं म्हणणाऱ्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 दाखवा : शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

एक गैरसमज मात्र एका ओळीत सोडवत नाही. आठवडी बाजारात आईशेजारी बसून सव्वा किलो वांगी, अर्धा किलो मिरची आणि शंभराच्या नोटेचे परतीचे पैसे असा तोंडी हिशेब लावणारं पोरगं वर्गात ‘गणितात कच्चं’ ठरतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब ती मुलं तोंडी, बिनचूक करत होती. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिली की अडत होती. उलट, शाळेत जाणारी मुलं वर्गातल्या उदाहरणांत पुढे आणि बाजारातल्या हिशेबात मागे होती. म्हणजे कच्चा आहे तो वर्ग आणि बाजार यांमधला दुवा. गुरुजींनी सव्वा किलो वांग्यांचा भाव त्या पोराला तोंडी विचारावा, त्यानं उत्तर कसं काढलं ते ऐकावं आणि त्याच्याच पायऱ्या फळ्यावर अपूर्णांकांत लिहून दाखवाव्यात.