कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग जातो कुठे?

कोंबडी दिसली की आपण तिचा तुरा बघतो, पिसं बघतो, मान पुढेमागे करत चालायची ऐट बघतो. आज जरा खाली बघा बरं. तिचे पाय बघा! आपल्याकडच्या पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. पण एखादीचे अगदी पिवळेधमक, तर एखादीचे पार पांढुरके. आणि खरी गंमत पुढेच आहे. आज जिचे पाय पांढुरके दिसतायत, तीच कोंबडी तलंग होती तेव्हा तिचे पाय चांगले पिवळे होते. मग तो रंग गेला कुठे?

अंड्यांत गेला!

हा पिवळा रंग कोंबडीला स्वतःला बनवता येत नाही. तो बनवतात झाडं. पिवळ्या मक्यात, लसूणघासात, साध्या गवतातही ल्युटीन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. हिरव्या पानात ते हिरव्या रंगामागे लपलेलं असतं, एवढंच. कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, पानं तोडते, दाणे टिपते. त्यातलं ल्युटीन रक्तातून तिच्या चोचीत आणि पायांच्या कातडीत जाऊन साठतं. पण एकदा का ती अंड्यावर आली, की खाण्यातून येणारा नवा रंग सगळा बलकाकडे वळतो. पायांची जुनी कातडी झिजत जाते आणि खालून येते ती फिकी.

हे सगळं क्रमाने होतं बरं का. आधी शेपटीखालचा भाग फिका पडतो, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच. चोचसुद्धा मुळापासून टोकाकडे पांढरी होत जाते आणि तिला दीड-दोन महिने लागतात. पाय सगळ्यांत शेवटी, चार-पाच महिन्यांनी. म्हणजे चोच पांढरी पण पाय अजून पिवळे असतील, तर कोंबडी अंडी देऊ लागून थोडेच महिने झाले. पायही पांढरे झाले असतील, तर बाईसाहेब कधीच्या कामाला लागल्यात! ती खुडूक झाली आणि अंडी थांबली, की रंग त्याच क्रमाने परत येतो. जाणती माणसं कोंबडी हातात धरून नुसती चोच आणि पाय बघतात आणि तिचा सगळा हिशेब सांगतात. मला तर हे फार भारी वाटतं. अंगावरच वही लिहिणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

आता हे पिवळे पाय आले कुठून तेही ऐका. आपल्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियाच्या जंगलांतला लाल रानकोंबडा. पण त्याचे पाय असतात करडे! त्याच्या कातडीत एक एन्झाइम असतं, ते पिवळ्या रंगद्रव्याचे तुकडे करून टाकतं. रंगच उरत नाही. मग पिवळे पाय कोणी दिले? 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली आणि उत्तर मिळालं: राखी रानकोंबड्याने. आणि हा पक्षी फक्त भारतात सापडतो, आपल्या सह्याद्रीतही! कोयना, महाबळेश्वर, आंबोलीच्या जंगलांत पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. त्याच्याकडून आलेल्या जनुकामुळे कातडीतलं ते एन्झाइम गप्प बसतं आणि पिवळा रंग टिकतो. आज जगभरातल्या कितीतरी कोंबड्या हे जनुक घेऊन फिरतायत.

गावठी कोंबडी साफ करताना कधी जवळून बघितलंय? तिची चरबीही पिवळी असते. अंड्यावरची कोंबडी असेल तर पोटात बलकांचा घोसच निघतो. एक जवळजवळ पूर्ण वाढलेला, त्याहून लहान दुसरा, मग तिसरा, असं करत करत अगदी मोहरीएवढ्यापर्यंत. शेवटच्या साधारण दहा दिवसांत बलक भराभर वाढतो, रोज त्याच्यावर नवा थर चढतो. ही पोटातली अंडी रश्श्यात शिजली की अशी काही घट्ट आणि चविष्ट लागतात, की घरातल्या पोरांची त्यांच्यावरून भांडणं होतात. आणि ती होणारच!

बलक खरं तर पिल्लाची शिदोरी. अंडं 21 दिवस उबवलं जातं, तेव्हा पिल्लू त्याच्यावरच वाढतं. बाहेर यायच्या जरा आधी उरलेला बलक ते बेंबीतून पोटात ओढून घेतं. त्यामुळे जन्मल्यावर दोन-तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही तरी चालतं. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं भोकांच्या खोक्यात घालून दूरच्या गावी धाडता येतात ती याच जोरावर.

आता एक प्रयोग. अंगणात फिरणाऱ्या कोंबडीचं एक अंडं आणि दुकानातलं एक अंडं दोन ताटल्यांत फोडा. बलकांचे रंग बहुतेक वेगळे निघतील. नुसत्या ज्वारीवर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिकट असतो, मका आणि हिरवा पाला खाणारीचा गडद. बलक छान केशरी दिसावा म्हणून काही पोल्ट्रीवाले खाद्यात चक्क झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात! म्हणून नुसत्या रंगावरून अंडं जास्त पौष्टिक ठरवू नका.

हा पिवळा रंग आपल्यातही असतो, माहितीये? डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक इवलासा पीतबिंदू असतो. तुम्ही आत्ता ही ओळ वाचताय ती त्याच ठिपक्याच्या जोरावर. त्याचा पिवळेपणा ल्युटीनचा आणि त्याच्या भावंडाचा, झियाझँथिनचा. आपल्यालाही ती बनवता येत नाहीत. पालक, मेथी, मका, नाहीतर बलक खाऊनच मिळवावी लागतात. बलकात सोबत स्निग्ध पदार्थ असल्यामुळे त्यातलं ल्युटीन शरीरात चांगलं शोषलं जातं. तेव्हा उकडलेल्या अंड्यातला बलक बाजूला काढून नुसतं पांढरं खाणारं कुणी पंगतीत दिसलं, तर त्याच्या वाटचा बलक बिनधास्त मागून घ्या.